पालक खावा की टाळावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकाबद्दल विचारणाऱ्यांचे ढोबळ दोन गट पडतात. एकाला रक्त वाढवायचं असतं, दुसऱ्याला मूतखड्याची धास्ती असते. बरेचदा हे दोघं एकाच घरातले निघतात: सासूबाईंना खडा, सुनेचं हिमोग्लोबिन कमी आणि स्वयंपाकघर एकच. त्या घराचा प्रश्न अगदी शेवटी घेतला आहे. तिथं पोचायला मधली उत्तरं लागतील, पण घाईत असाल तर हवा तो प्रश्न तेवढाच वाचा.

आकडे १०० ग्रॅम कच्च्या, निवडलेल्या पालकाचे आहेत. पालक म्हणजे भाजी. आईवडिलांसाठी काही सूचना असतील तर त्या शाळेच्या परिपत्रकात शोधा.

१. शंभर ग्रॅम पालकातून नेमकं काय मिळतं?

सगळ्यात जास्त पाणी, जवळपास ९१ ग्रॅम. ऊर्जा जेमतेम २३ किलोकॅलरी, प्रथिनं तीन ग्रॅमच्या आत, तंतू दोन ग्रॅमच्या आसपास आणि स्निग्धांश नावापुरता. पालक खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं ते सोबतच्या भाकरीमुळे.

खरा ऐवज सूक्ष्म घटकांत आहे. पोटॅशियम साधारण ५६० मिलिग्रॅम, कॅल्शियम ८० ते १००, मॅग्नेशियम ८०च्या आसपास, लोह पावणेतीन ते तीन मिलिग्रॅम. अ जीवनसत्त्व सुमारे ४७० मायक्रोग्रॅम, म्हणजे बाईच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. क जीवनसत्त्व २८ मिलिग्रॅम, पण ते कच्च्यात. शिजवल्यावर बरंचसं जातं. फोलेट, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, १४० ते १९० मायक्रोग्रॅम. आणि के जीवनसत्त्व तब्बल ४८० मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. मराठीत 'क' आणि 'के' ही दोन वेगळी जीवनसत्त्वं आहेत. पहिलं लिंबात असतं, दुसरं रक्त गोठायला लागतं. हा घोळ प्रश्न १५ मध्ये महागात पडू शकतो.

आकड्यांच्या जोड्या दिल्यात, कारण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते आणि अमेरिकी तक्ते तंतोतंत जुळत नाहीत. वाण बदलला, माती बदलली, की पानही बदलतं. दशांशापर्यंत आकडा सांगणाऱ्या ॲपवर फार विसंबू नका.

२. एक जुडी म्हणजे किती ग्रॅम? रोज किती खावा?

जुडीला माप नाही. दादरला सकाळी मिळणारी जुडी आणि संध्याकाळी सोसायटीच्या गेटाशी मिळणारी जुडी यांत दुपटीचा फरक असू शकतो, शिवाय मुळं आणि चिखल आपणच विकत घेतो. एकदा घरी निवडून वजन करा, पुढं अंदाज येतो. भारतीय आहार-मार्गदर्शनात दिवसाला सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी सांगितली आहे. तेवढा पालक शिजून वाटीभरही उरत नाही. पण त्यात रोज पालकच हवा असं कुठंही म्हटलेलं नाही, ते प्रश्न २२ मध्ये.

३. आपला बाजारातला पालक आणि डब्यातला 'बेबी स्पिनॅच' एकच का?

बहुतेक वेळा नाही, आणि ही गोष्ट ऐकून लोकांना धक्का बसतो.

इंग्रजी पुस्तकांतला स्पिनॅच म्हणजे स्पिनॅशिया ओलेरॅशिया ही वनस्पती. मूळ इराणच्या बाजूची. आपल्याकडे शेतकरी त्याला विलायती पालक म्हणतात. देशी पालक म्हणून जे पीक घेतलं जातं, ऑल ग्रीन, पुसा ज्योती, पुसा हरित वगैरे वाणांचं, ते बीटाच्या जातकुळीतलं आहे: बीटा व्हल्गॅरिस. म्हणजे आपला पालक हा लाल बीटाचा सख्खा भाऊ, फक्त त्याचा गड्डा फुगत नाही, पानं माजतात. म्हणूनच तो कापला की पुन्हा फुटतो आणि उन्हाळाही बऱ्यापैकी सोसतो. विलायती पालकाला थंडी लागते.

जेवणाऱ्याला यानं काय फरक पडतो? फार नाही. दोन्ही राजगिऱ्याच्याच कुळातले, दोघांतही फोलेट, कॅरोटीन आणि ऑक्झलेट (कॅल्शियमला धरून ठेवणारं पानातलं द्रव्य, प्रश्न ७ आणि ८ पाहा) भरपूर. फरक चवीत आणि पोतात. देशी पान जाड, त्याला मातकट-खारट झाक. ते शिजवायलाच बरं. कोवळं विलायती पान कच्चं खाता येतं. डब्यावरचा भाव पोषणाचा नसतो, निवडून-धुऊन देण्याचा असतो.

मायाळू मात्र या दोघांचाही कुणी नाही. त्याला इंग्रजीत मलबार स्पिनॅच म्हणतात एवढंच.

४. पालकात लोह भरपूर असतं ना? लहानपणापासून ऐकतोय.

असतं, पण 'भरपूर' म्हणावं इतकं नाही. आजच्या भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. शंभर ग्रॅम पालकातून तीन. म्हणजे बाईची गरज एकट्या पालकावर भागवायची तर रोज किलोभर पालक निवडायला बसावं लागेल.

शिवाय आतलं सगळं लोह शरीरात जात नाही. वनस्पतींतलं लोह मांस-मासळीतल्या लोहाइतकं सहज शोषलं जात नाही, आणि पालकात त्याला अडवणारी पॉलिफेनॉल्स भरपूर. हिरव्या पाल्यांतच तुलना केली तरी पालक पहिला येत नाही: हिरवा माठ आणि शेवग्याचा पाला यांत लोह साधारण दीडपट, मेथीत जवळपास दुप्पट.

मग ही ख्याती आली कुठून? बरेच वाचक दशांशचिन्हाची गोष्ट पाठवतात: एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकलं, लोह दहापट छापलं गेलं आणि त्यावरून पॉपआय नावाचा खलाशी पालकाचे डबे फोडू लागला. गोष्ट झकास आहे, पण तीच बनावट आहे. ती गाजली १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखामुळे. पुढं २०१०मध्ये माइक सटन या अभ्यासकानं मूळ कागद धुंडाळले तेव्हा त्या चुकीचा पुरावाच मिळाला नाही. आणि १९३२च्या एका चित्रपट्टीत पॉपआय पालक खाण्याचं कारण स्वतः सांगतो, ते आहे अ जीवनसत्त्व! खलाशी बरोबर होता, आपणच त्याच्या तोंडी लोह घातलं.

५. मग हिमोग्लोबिन कमी असेल तर पालक खाऊन उपयोग नाही?

उपयोग आहे, पण गोळीच्या जागी नाही. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं तर कारण शोधून औषध घ्यायचं. महापालिकेच्या दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. 'गोळीनं मळमळतं म्हणून मी पालकाचं सूप घेते' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वजाबाकी तोंडपाठ झाली आहे: साठातून तीन गेले, उरले सत्तावन्न.

ताटातून लोह जास्त मिळवायचं असेल तर तीन गोष्टी करा. भाजी खाली उतरवल्यावर लिंबू पिळा, किंवा सोबत पेरू, आवळा, कोशिंबीर असू द्या; क जीवनसत्त्वानं वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराची फट ठेवा. मुंबईत हे सांगणं म्हणजे लोकलमध्ये विंडो सीट मागण्यासारखं आहे, तरी सांगते. तिसरं, पालक मोड आलेल्या मटकीबरोबर किंवा डाळीबरोबर खा.

एक गोष्ट शाकाहारी घरांत निसटते. रक्त कमी असण्याचं कारण बी-१२ची कमतरताही असू शकते, आणि पालकात बी-१२ अजिबात नसतं. किलोभर खाल्ला तरी शून्यच.

६. गरोदरपणात पालक चालतो का?

चालतो, आणि इथं पालकाची खरी ताकद दिसते. फोलेट या नावातच पान आहे: लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान. १९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून हे द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला फॉलिक ॲसिड नाव दिलं.

पण त्याच्या आधीचा अध्याय आपल्या परळचा आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेतून काम करू लागली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत असे, तो नेमका कशानं होतो हे तिला शोधायचं होतं. त्यांच्या आहारातच काहीतरी कमी आहे हे तिनं ताडलं आणि यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे १९३१मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अज्ञात घटक बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला. तोच पुढं फोलेट ठरला. पालकाशी मुंबईचं असं नातं आहे, आणि ते मुंबईकरांनाच ठाऊक नसतं.

गरोदर बाईला दिवसाला सुमारे ५७० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, पालकातून त्याचा चांगला हिस्सा येतो. तरी गोळी सोडायची नाही, आणि कारण वेळेचं आहे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवल्यापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू करायचं असतं. कच्चा पालक या काळात नको, तो शिजवूनच खा.

७. दूध आवडत नाही. पालकातून कॅल्शियम भागेल का?

नाही. कागदावर १०० मिलिग्रॅम दिसतं, पण पालकातलं ऑक्झलेट त्या कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं. १९८८च्या एका अमेरिकी चाचणीत दुधातलं सुमारे २८ टक्के कॅल्शियम शोषलं गेलं, पालकातलं अवघं ५ टक्के. दूध नको असेल तर ताक-दही, नाचणी, तीळ, मेथी, शेवग्याचा पाला, आणि मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खायची छोटी मासळी.

८. मूतखडा झाला होता. पालक कायमचा बंद का?

आधी खडा कशाचा होता ते विचारा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, सगळे नाहीत. अहवालात ऑक्झलेट असेल, किंवा खडे पुन्हा पुन्हा होत असतील, तर पालकाबाबत हात आखडता घ्यायलाच हवा. १०० ग्रॅममध्ये ऑक्झलेट साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम असतं आणि रोजच्या भाज्यांत त्याला तोड नाही.

त्याच वेळी दोन चुका लोक हमखास करतात. पहिली, 'कॅल्शियमचा खडा' ऐकून दूध-दही बंद करणं. हे उलट अंगावर येतं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम नसेल तर ते ऑक्झलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडाकडे पोचतं. दुसरी चूक पाण्याची. इथल्या दमट हवेत घाम सतत वाहतो, लघवी कमी आणि गडद होते, आणि स्टेशनवरची स्वच्छतागृहं टाळायची म्हणून कित्येक बाया ऑफिसला जाताना पाणीच पीत नाहीत. त्यांना मी पालकाआधी पाण्याची बाटली विचारते.

खडा कधीही झाला नसेल आणि आठवड्यातून एक-दोनदा शिजवलेला पालक खात असाल, तर घाबरायचं कारण नाही.

९. पालक-पनीर ही चुकीची जोडी आहे असं व्हिडिओत पाहिलं. खरं का?

अर्धं खरं. पनीरमधलं कॅल्शियम त्या एका जेवणातलं लोह थोडं कमी शोषू देतं, पण आठवड्याभराच्या आहारात हा परिणाम फारसा उरत नाही. दुसरीकडे तेच कॅल्शियम पालकातलं ऑक्झलेट बांधून टाकतं (प्रश्न ८). म्हणजे रक्तासाठी खात असाल तर पालक-डाळ-लिंबू बरं, खड्याची भीती असेल तर पालक-पनीर किंवा ताकातली भाजी बरी. आपल्या आज्या ताकात पालक का घोटत हे मला माहीत नाही, बहुधा चवीसाठीच. पण हिशेब बरोबर बसतो.

१०. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत का लागतात?

तेच ऑक्झलेट. चावताना ते लाळेतल्या कॅल्शियमशी जुळून त्याचे बारीक कण दातांवर बसतात. इजा होत नाही, चूळ भरली की जातं. उकळून पाणी काढलेल्या पालकानं हे कमी होतं.

११. उकळलेलं पाणी टाकायचं की वापरायचं?

हे तुम्ही कोण आहात यावर ठरतं. भरपूर पाण्यात उकळून ते ओतून दिलं तर विरघळणारं ऑक्झलेट बऱ्याच प्रमाणात जातं. वेगवेगळ्या भाज्यांवरच्या चाचण्यांत ही घट ३० ते ८७ टक्के आढळली. पण त्याच पाण्यातून फोलेटही निघून जातं. साडेतीन मिनिटं उकळलेल्या पालकात जेमतेम निम्मं फोलेट उरलं, वाफवलेल्यात मात्र ते जवळपास सगळं टिकलं. पोटॅशियम आणि क जीवनसत्त्वही पाण्यात उतरतात.

तेव्हा खड्याचे रुग्ण, आणि ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय ते मूत्रपिंडाचे रुग्ण, यांनी उकळून पाणी टाकावं. गरोदर बायका, वाढती मुलं आणि बाकी सगळ्यांनी झाकण ठेवून पानांच्या ओल्याव्यावरच शिजवावा. धुतल्यावर पानांना चिकटलेलं पाणी पुरतं, वेगळं घालायला लागत नाही.

१२. हॉटेलातल्यासारखा हिरवागार रंग घरी का येत नाही?

हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजताना पानातली आम्लं मोकळी होतात, ते मॅग्नेशियम निसटतं आणि रंग शेवाळी होतो. भाजी वाईट झाली असा त्याचा अर्थ नाही. पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात घातली तर रंग टिकतो. सोड्यानंही टिकतो, पण क आणि बी-१ जीवनसत्त्वांचा बळी जातो. एकदा एका ढाब्यावर इतकं हिरवं पालक-पनीर समोर आलं की मी आधी चमचा वास घेऊन पाहिला.

१३. लोखंडी कढईत पालक काळा पडतो. विषारी होतो का?

नाही. पालकातली पॉलिफेनॉल्स कढईच्या लोहाशी मिळून काळपट रंग येतो. लोखंडी कढईतून भाजीत थोडं लोह उतरतं, आंबट आणि रसदार पदार्थांत जास्त. फक्त शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढा. रात्रभर कढईत ठेवली तर चव धातूसारखी होते.

१४. सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाचा रस घेते. बरोबर ना?

थांबवा, असंच सांगेन. शिवाजी पार्कात फिरायला येणाऱ्यांच्या बाटल्यांत हा हिरवा रस हल्ली नेहमी दिसतो. एका पेल्यात सहज दोन जुड्यांची पानं जातात. तेवढी भाजी आपण एका बैठकीला कधी खाणार नाही. उकळणं नाही, सोबत कॅल्शियम नाही, म्हणजे ऑक्झलेट शोषलं जायला मोकळं रान. असे हिरवे रस सातत्यानं घेऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यातल्या माणसांना बहुधा आधीचा काही त्रास होता, पण आपल्याला तो आहे की नाही हे कितीजणांना ठाऊक असतं?

सॅलडमध्ये चार कोवळी पानं धुऊन घालणं वेगळं. तेवढं चालतं.

१५. बाबांना रक्त पातळ होण्याची गोळी सुरू आहे. पालक द्यावा का?

कोणती गोळी, त्यावर आहे. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल असेल तर के जीवनसत्त्व थेट त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. इथं नियम 'बंद' असा नसून 'सारखा' असा आहे. ते आठवड्यातून दोनदा वाटीभर पालक खात असतील आणि त्यावर गोळीचा डोस बसला असेल, तर तसंच चालू ठेवा. घोटाळा होतो अचानक बदलानं: गावाहून आत्या आली आणि आठ दिवस रोज पालेभाजी झाली, किंवा कुणीतरी घाबरवलं आणि एकदम बंद. दोन्ही वेळा आयएनआर तपासणीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) आकडा हलतो. बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून तपासणी आधी करा.

ॲपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना के जीवनसत्त्वाचा असा अडथळा नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांनाही नाही. चिठ्ठीवरचं नाव वाचा, 'रक्त पातळ' एवढ्यावर जाऊ नका. आणि डॉक्टरांनी 'के' टाळा म्हटलं म्हणून लिंबू बंद करू नका. ते 'क'. असं खरंच घडलंय.

१६. युरिक ॲसिड, थायरॉइड, मूत्रपिंड: यात पालक वर्ज्य आहे का?

युरिक ॲसिड: पालकात प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) मध्यम प्रमाणात असतं खरं, पण अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १२ वर्षं ठेवलेल्या नोंदींत (प्रसिद्ध २००४) प्युरीनयुक्त भाज्यांमुळे गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा, धोका वाढलेला दिसला नाही. मांस, मासळी आणि बिअरनं वाढलेला दिसला. रविवारचं मटण चालू आणि पालक बंद, हा उलटा कारभार आहे.

थायरॉइड: शिजवलेला पालक नेहमीच्या प्रमाणात चालतो. गोळी मात्र उपाशीपोटी, पाण्याबरोबरच घ्या.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार: इथं पोटॅशियमचा प्रश्न खरा आहे. स्वतःच्या मनानं ठरवू नका. परवानगी मिळाली तर पालक बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी टाकून खा.

१७. पालकानं चष्म्याचा नंबर उतरतो का?

नाही. नंबर डोळ्याच्या आकाराशी जोडलेला आहे. पालकातलं ल्युटीन दृष्टिपटलाच्या मध्यभागी साठतं आणि वयपरत्वे होणाऱ्या झिजेत उपयोगी असावं असं मानलं जातं. ते आणि कॅरोटीन स्निग्धातच विरघळतं, म्हणून बिनतेलाच्या सूपपेक्षा लसणाची फोडणी दिलेली भाजी सरस. चमचाभर तेल पुरे.

१८. बाळाला पालक कधीपासून द्यावा?

सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच. त्यानंतर खिचडीत किंवा वरणात शिजवून थोडा थोडा. पालकात नायट्रेट जास्त असतं आणि शिजवलेला पालक तसाच राहिला तर जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, जे तान्ह्यांच्या रक्ताला बाधतं. म्हणून बाळासाठी ताजा शिजवा, उरलेला दुसऱ्या वेळी देऊ नका, आणि बाळाला जुलाब होत असतील तेव्हा पालक नकोच.

१९. आपण मोठ्यांनी उरलेली भाजी पुन्हा गरम करून खावी का?

लवकर फ्रिजमध्ये ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी एकदा गरम करून खायला हरकत नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत ओट्यावर राहिलेली नको. मे महिन्यातल्या मुंबईत तर नाहीच. कारण नायट्राइटचंही आहे आणि साध्या आंबण्याचंही.

२०. रेल्वे रुळांशेजारी पिकणारा पालक खावा का?

गाडीच्या खिडकीतून हे हिरवे वाफे सगळ्यांनी पाहिलेत. रेल्वेनं 'ग्रो मोअर फूड' योजनेत आपल्या कर्मचाऱ्यांना पडीक जागा भाजीसाठी दिल्या, त्यातून ही शेती उभी राहिली. अडचण जागेची नाही, पाण्याची आहे. शेजारच्या नाल्यातलं सांडपाणी वापरलं तर त्यातले जंतू पानावर येतात आणि शिसं-कॅडमियमसारखे जड धातू पानात. पालक हे धातू मातीतून ओढून घेण्यात पटाईत आहे.

जंतू धुण्यानं आणि शिजवण्यानं जातात. आत शिरलेला धातू मिठाच्या पाण्यानं जात नाही, व्हिनेगरनं नाही, कुठल्याही 'व्हेज वॉश'नं नाही. जुडीकडे बघून ती कुठली हे ओळखताही येत नाही. त्यामुळे ओळखीच्या भाजीवालीला विचारा, माल कुठून आणते; वाशीच्या बाजारातून येणारा पालक नाशिक-पुण्याकडचाही असतो. आणि रोज एकाच ठिकाणचा एकच पाला खाऊ नका.

२१. पावसाळ्यात खावा का? आणि आठवड्याची भाजी एकदम आणली तर?

श्रावणात पालेभाजी टाळायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पाळायची असेल तर खुशाल पाळा. खायचा असेल तर मुळाकडचा भाग कापून पानं सुटी करा, तीन पाणी धुवा (माती तळाशी बसते, म्हणून पाणी ओतायचं नाही, पानं वर उचलायची) आणि नीट शिजवा.

साठवण्याचा हिशेब कडक आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या चाचणीत ४ अंशांवर ठेवलेल्या पालकात आठ दिवसांनी ५३ टक्केच फोलेट उरलं. २० अंशांवर तीच अवस्था चार दिवसांत आली. आपल्या स्वयंपाकघरात २० अंश तरी कुठले? रविवारी आणलेला पालक मंगळवारपर्यंत संपवा. न धुता, सुती पिशवीत, फ्रिजमध्ये. गोठवलेल्या पालकाला नाकं मुरडायची गरज नाही. काढल्या काढल्या गोठवलेला पालक चार दिवसांच्या सुकलेल्या जुडीपेक्षा बरा.

२२. पालक आवडतच नाही. काही बिघडेल का?

काही नाही. मेथी, माठ, शेवग्याचा पाला, चवळी, चाकवत, शेपू आहेतच. कॅल्शियम माठ, मेथी आणि शेवग्यात पालकाच्या तिपटीच्या आसपास. त्यातही मेथी-शेवग्यात ऑक्झलेट कमी म्हणून ते अंगी लागतं. माठात मात्र ते पालकासारखंच बरंच असतं. पावसाळ्यात पालघर-वसईकडच्या बायका स्टेशनाबाहेर टाकळा, कुरडू, फोडशी घेऊन बसतात, त्या चार आठवड्यांत पालकाकडे मी स्वतः बघतही नाही.

२३. घरात एकाला मूतखडा, एकीचं हिमोग्लोबिन कमी. स्वयंपाक एकदाच होतो. काय करू?

दोन भाज्या करू नका, एकाच भाजीची दोन टोकं करा. पालक भरपूर पाण्यात तीन-चार मिनिटं उकळून पाणी टाका. फोलेट काही जाईल, पण सुनेला ते तिच्या गोळीतून मिळतंय आणि डाळीतूनही. दुसऱ्या भांड्यात चणाडाळ आणि शेंगदाणे शिजवून त्यात हा पालक घोटा, लसणाची फोडणी द्या. इथं भाजीचे दोन भाग करा.

सासूबाईंच्या भागात ताक घालून एक उकळी. त्यांना अर्धी वाटी, आठवड्यातून एकदा, आणि शेंगदाणे वेचून बाजूला, कारण शेंगदाण्यांतही ऑक्झलेट आहे. सुनेच्या भागात ताक नाही. ताटात घेतल्यावर लिंबू, जेवणानंतर पेरूची फोड, आणि चहा चारच्या आधी नाही. ताक घातलेला भाग आधी वाढा, गार झाला की फुटतो.